स्पर्धेतल्या शेजारणीला दुधीच्या नर फुलांबद्दल सांगावं का?

सातवा_वाफा (नाशिक)

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत मागच्या मोकळ्या जागेत वाफे पाडून दिलेत, ज्याला हवा त्याला एक. साधारण दहा बाय चार फुटांचा. दर उन्हाळ्यात भाजीची स्पर्धा असते. महाशिवरात्रीच्या सुमाराला बी पडतं आणि १ मे रोजी झेंडावंदन झालं की परीक्षक वाफे बघत फिरतात. तोपर्यंत निघालेली प्रत्येक भाजी वॉचमनच्या केबिनमधल्या काट्यावर तोलून वहीत लिहायची. वजनाला गुण, भाज्यांच्या विविधतेला गुण, वाफ्याच्या निगेला गुण. रासायनिक फवारणी केलेली आढळली की वाफा बाद. पहिल्या क्रमांकाला पितळेची झारी मिळते. ती वर्षभर ज्याच्या दारात असते त्याच्याकडे येणारा-जाणारा थांबून चौकशी करतो, त्यामुळे सगळ्यांचा जीव त्या झारीत अडकलेला असतो. माझाही आहे.

माझ्या वाफ्यात परभणी क्रांती भेंडी, गवार, काकडी, कडेला लाल माठ आणि कोपऱ्यातल्या मांडवावर दुधी. शेजारच्या आठव्या वाफ्यात एक काकू आहेत. मुलाकडे राहायला आल्यात, आमच्याकडचा हा त्यांचा पहिलाच उन्हाळा. त्यांची भेंडी माझ्यापेक्षा सरस आहे, गवारीची तर गोष्टच नको. आत्ता वहीत आम्ही दोघीच पुढे आहोत.

अडचण त्यांच्या दुधीची. वेल असा भरलाय की मांडव दिसत नाही. पण रोज संध्याकाळी त्या खाली येतात आणि लांब दांड्याची सगळी पांढरी फुलं खुडून टाकतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "ही वांझ फुलं गं, वेलाची ताकद खातात, मला एकीनं सांगितलंय." ती नर फुलं आहेत! मादी फुलांच्या मागे करंगळीएवढे लवदार दुधी येतात, टोकाकडून पिवळे पडतात आणि गळतात. काकूंना वाटतं पाणी कमी पडतंय. मग त्या पाणी वाढवतात, शेणखत घालतात. काल एक गळलेला दुधी तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसल्या होत्या.

माझ्या वेलावर दुधी धरलेत. एप्रिलचा पहिला आठवडा संपत आलाय. आत्ता त्यांच्याकडे फळ धरलं तर १ मेच्या आत वजनात येईल आणि त्या माझ्या पुढे जातील, हे सरळ आहे.

माझा नववीतला मुलगा म्हणतो, "आई, तू त्यांच्या वेलाला काही केलेलं नाहीस. न सांगणं म्हणजे चीटिंग नाही." नवरा म्हणतो स्पर्धा संपली की सांग, पुढच्या वर्षी उपयोग होईल. माझ्या मनात आलं होतं की काकू वर गेल्या की अंधार पडता पडता माझ्या वेलाचं एखादं नर फूल त्यांच्या मादी फुलांवरून फिरवून यावं, कुणाला कळायचं कारण नाही. पण स्पर्धेचा एक नियम असाही आहे की मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या वाफ्याला हात लावायचा नाही. पूर्वी कुणाची तरी रोपं उपटली गेली होती, तेव्हापासून हा नियम आला.

तुम्ही काय केलं असतं?

चिंचेचा_पार

सांगून टाका हो. उद्या तुमच्या काकडीवर काही रोग आला तर पहिली हाक शेजारच्या वाफ्यालाच जाणार ना? आणि ऐन उन्हाळ्यात गळता दुधी बघवत नाही, मग तो कुणाचा का असेना.

ऑफस्टंप_६२

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

स्पर्धा आहे ना? मग जाणकारी हा स्पर्धेचाच भाग आहे. बी कोणतं निवडायचं, पाणी कधी द्यायचं, नर-मादी फूल कसं ओळखायचं, यावरच गुण मिळणार आहेत. परीक्षेत शेजारच्याला उत्तर दाखवणाऱ्याला आपण दिलदार म्हणत नाही. शिवाय तुम्ही एकट्या काकूंना सांगितलं तर तिसऱ्या, अकराव्या वाफ्यावाल्यांनी काय घोडं मारलंय? त्यांचाही दुधी गळत असेल. तुमच्या शेजारी आहेत आणि स्वभावाने गोड आहेत म्हणून त्यांना फायदा, हा इतरांवर अन्याय नाही का?

खिलाडूवृत्तीच्या नावाखाली आपण नियमाने खेळणाऱ्याला उगाच अपराधी ठरवतो, हे मला क्रिकेटमध्येही खटकतं. १९४७ च्या डिसेंबरात सिडनीला विनू मंकडने ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला, चेंडू टाकायच्या आधीच क्रीज सोडून पुढे गेला म्हणून, गोलंदाजाच्या टोकाला धावबाद केलं. त्याआधी त्याच दौऱ्यातल्या एका सामन्यात त्याला समज दिलेली होती. स्वतः ऑस्ट्रेलियाचा कप्तान ब्रॅडमनने मंकडची बाजू घेतली. तरी पुढची कित्येक दशकं त्या पद्धतीला मंकडचं नाव चिकटवून ते हिणवण्यासारखं वापरलं गेलं. शेवटी २०२२ साली क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने तो प्रकार 'अनुचित खेळ' या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात नेला. नियमात राहून खेळणारा माणूस रडीचा डाव खेळत नसतो. तुम्ही गप्प राहिलात तर तुमचं काहीही चुकणार नाही, एवढंच मला म्हणायचंय.

रात्री गुपचूप परागण करायला मात्र माझा साफ विरोध आहे. तो सरळ नियमभंग आहे.

सातवा_वाफा

ऑफस्टंप, रागाचं काही नाही, तुमचा मुद्दा पटण्यासारखा आहे म्हणूनच तर झोप येत नाही. एकट्या काकूंना सांगणं इतरांवर अन्याय होईल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. नियमांच्या कागदात सल्ला देण्याबद्दल काहीच नाही, फक्त हात लावण्याबद्दल आहे.

मातीचं_मैदान (कराड)

ताई, मी शाळेत खेळाचा शिक्षक होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कबड्डीचा पंच म्हणून तालुक्यातली मैदानं तुडवली. आता घरामागे भाजी करतो. तुमच्या प्रश्नात माझी दोन्ही दुकानं आली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ऑफस्टंप यांच्या बोलण्यातलं खरं ते मान्य करतो. सामना चालू असताना समोरच्या चढाईपटूला "डावा कोपरा मोकळा आहे, तिकडून ये" असं कुणी सांगत नाही, आणि सांगूही नये. तिथे त्याचा गुण हा आपला तोटा असतो, तो खेळच तसा आहे. पण वाफ्यांची स्पर्धा समोरासमोरची नाही. काकूंचा दुधी गळल्याने तुमच्या दुधीचं वजन गुंजभरही वाढत नाही. तुम्ही दोघी आपापल्या रांगेतून पळताय आणि शेजारच्या रांगेतल्या बाईच्या बुटाची नाडी सुटलेली तुम्हाला दिसतेय. "बाई, नाडी बांधा" म्हणणं म्हणजे तिच्या जागी पळणं नव्हे.

आणि बागेत रांगा तरी कुठे असतात? फळमाशीचंच बघा. दुधी, दोडका, कारलं, काकडी, तिला सगळी चालतात. कोवळ्या फळाला ती टोचते, आत अंडी घालते, अळ्या गर खातात, फळ वाकडं होतं नाहीतर कुजून पडतं. मग अळी मातीत उतरून कोष करते आणि तिथून नवी माशी निघते. काकूंच्या वाफ्यात गळलेले दुधी तसेच कुजत पडले असतील आणि त्यातल्या एका जरी फळाला माशी टोचून गेली असेल, तर पुढची पिढी तुमच्या काकडीवर येऊन बसणार आहे. म्हणून माझ्या दृष्टीने तुम्ही काकूंशी बोलायचा पहिला विषय नर फुलं नव्हे, गळलेली फळं. ती रोजच्या रोज उचलायची, खतात टाकायची नाहीत. दीड-दोन फूट खोल पुरायची, नाहीतर काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून उन्हात ठेवायची. क्यू ल्यूरचा सापळा सगळ्या वाफ्यांनी वर्गणी काढून लावा. तो नर माश्या ओढतो आणि सगळ्यांच्या वतीने ओढतो. एकाने लावला आणि बाकीचे बसून राहिले, तर म्हणावा तसा उपयोग होत नाही. उन्हाळी भाजीत शेजाऱ्याशी अबोला धरून पीक येत नाही, ताई.

आता खेळाकडे येतो.

फेब्रुवारी १९८०, वानखेडे. बीसीसीआयच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी, समोर इंग्लंड. त्याच सामन्यात सूर्यग्रहण होतं म्हणून एक दिवस खेळ ठेवला नव्हता, जुन्या लोकांना आठवत असेल. मी रेडिओला कान लावून बसलो होतो. आपला कप्तान गुंडाप्पा विश्वनाथ. इंग्लंडचा अर्धा संघ ५८ धावांत परतलेला. त्यांच्या बॉब टेलरला पंचांनी आपला यष्टिरक्षक किरमाणीच्या हाती झेलबाद दिला. टेलर घुटमळला. विश्वनाथची खात्री होती की बॅटला चेंडू लागलेला नाही. त्याने पंचांना सांगून टेलरला परत बोलावलं. टेलरने ४३ केल्या, पण त्यापेक्षा त्याने बोथमला साथ दिली. दोघांनी १७१ धावा जोडल्या, बोथमचं शतक झालं. बोथमने सामन्यात १३ बळीही घेतले आणि आपण १० गड्यांनी हरलो.

लोक हा किस्सा विश्वनाथ किती सज्जन होता हे सांगायला वापरतात. सज्जन होताच. पण मी पोरांना तो वेगळ्या कारणासाठी सांगायचो. विश्वनाथने टेलरला दया म्हणून बोलावलं नाही. त्याला टेलरचा बळी हवाच होता, फक्त खरा हवा होता. जो बाद झालाच नाही त्याला तंबूत बसवून मिळालेल्या जिंकण्याला त्याच्या लेखी चव नव्हती. खिलाडूवृत्ती म्हणजे जिंकायची इच्छा कमी असणं, अशी एक गैरसमजूत आहे. माझ्या पाहण्यात उलट आहे. ज्याला खरोखर जिंकायचं असतं, त्याला समोरचा पुऱ्या ताकदीनिशी उभा हवा असतो.

कबड्डीत तर हे रोज दिसतं. मॅट यायच्या आधीची गोष्ट, मातीच्या मैदानावर धुळीत बोट लागलं की नाही हे पंचाला दर वेळी दिसत नाही. आंतरशालेय अंतिम सामना, गुण बरोबरीत, शेवटची चढाई. चढाईपटू रिकाम्या हाताने परतला असं मी धरलं आणि हात खालीच ठेवला. तेवढ्यात बचावातल्या आठवीच्या एका पोराने स्वतःचा हात वर केला आणि सीमारेषेबाहेर चालू लागला. मी विचारलं, काय रे? त्याने दंड पुढे केला. धुळीच्या थरावर एक बारीक ओरखडा होता, सुतासारखा. बोट नव्हे, नख लागलं होतं. "लागलं सर," एवढंच म्हणाला. त्याची शाळा एका गुणाने हरली. त्याचे सवंगडी रडत होते, पण त्याला कुणी शिवी दिली नाही. हे मला आजही मोठं वाटतं, कारण त्या वयात शिवी ओठावरच असते.

आता तुमचं. गुपचूप परागण करायचा विचार सोडून द्या. नियम मोडतो हे ऑफस्टंप यांनी सांगितलंच, मला त्याहून वेगळं कारण दिसतं. लहानपणी खेळताना धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे, त्याच्यावर राज्य यायचं नाही, तो बादही व्हायचा नाही. तुम्ही अंधारात जाऊन काकूंचे दुधी धरवून दिलेत तर तुम्ही त्यांना लिंबूटिंबू केलंत, आणि तेही त्यांना न सांगता. ज्या बाईची गवार तुमच्यापेक्षा चांगली आहे तिचा हा अपमान आहे. त्या जिंकल्या तर कशामुळे जिंकल्या हे त्यांना कळणार नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा नर फुलं खुडतील. मदत करायची तर उघड करा, बोलून करा. मग त्या करतील नाहीतर करणार नाहीत, वेल त्यांचा आहे.

आणि एकट्या काकूंना सांगणं अन्याय होईल, हा मुद्दा खरा आहे. त्यावर उपाय गप्प बसणं हा नाही. सगळ्यांना सांगा. वहीशेजारी एक कागद लावा: दुधीचं नर फूल कसं दिसतं, मादी कसं दिसतं, कधी उमलतं. ज्याला वाचायचंय तो वाचेल. फक्त काकूंनी तो कागद लोकांसमोर वाचून ओशाळं होऊ नये, म्हणून कागद लावायच्या आधी त्यांना बाजूला घेऊन दोन शब्द बोला. हा फायदा नव्हे, ही वयाची आब आहे.

मुलाला काय सांगाल? तो म्हणतो ते चूक नाही, न सांगणं चीटिंग नाहीच. त्याला सांगा, चीटिंग न करणं ही मैदानात उतरायची अट आहे, कौतुक त्याच्या पुढे सुरू होतं.

बियांची_पुरचुंडी (सासवड)

सरांच्या पोस्टनंतर वेगळं काही बोलायला उरलं नाही, त्यामुळे कागदावर काय लिहायचं तेवढं सांगते.

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी ऊन चढलं की मिटतं. दोडक्याचंही संध्याकाळचंच. काकडी आणि कारलं मात्र सकाळी. त्यामुळे दुधीला मधमाशीच्या भरवशावर राहून चालत नाही, तिचं काम पतंग आणि तिन्हीसांजेला फिरणारे किडे करतात. सोसायटीत रात्रभर दिवे जळत असतील तर तेही इकडेतिकडे भरकटतात, म्हणून हाताने परागण केलेलं बरं.

संध्याकाळी फूल पूर्ण उमललं की ताजं नर फूल दांड्यासकट तोडायचं. त्याच्या पाकळ्या अलगद काढल्या की मधली पिवळट परागांची गुंडी उघडी पडते. ती मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने सगळीकडून टेकवायची. चोळायची नाही, मादी फुलाचा तो भाग नाजूक असतो, दुखावला की फळ गेलंच. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम होतं. जमलं असेल तर दोन-चार दिवसांत तो इवला दुधी खाली वळतो, हिरवा चमकदार होतो आणि डोळ्यांदेखत वाढतो. नसेल जमलं तर टोकाकडून पिवळा पडतो, काकूंचे पडतायत तसाच. उन्हाळ्यात परागणापासून साधारण बारा-पंधरा दिवसांत कोवळा दुधी काढायला येतो, म्हणजे १ मेच्या आत अजून पुरेसा वेळ आहे.

नर फुलं आधी येतात आणि कायमच जास्त असतात, त्यात वेलाचं काही बिघडलेलं नसतं. मादी फुलं जास्त हवी असतील तर मुख्य शेंडा खुडून बाजूच्या फांद्या वाढू द्यायच्या. मादी फुलं त्या फांद्यांवर आणि त्यांच्या उपफांद्यांवर जास्त येतात. हल्ली सगळे त्याला थ्री-जी कटिंग म्हणतात. काकूंनी खुडायचं ते शेंडे, फुलं नव्हेत.

ऑफस्टंप_६२

सर, कागद सगळ्यांसाठी लावायचा असेल तर माझी काहीच हरकत नाही, उलट तसंच व्हावं. विश्वनाथचा किस्सा मी आजवर फक्त "सज्जनपणामुळे सामना गेला" असा ऐकला होता, खरा बळी हवा होता हे म्हणणं मनात राहील. मंकडबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. आधी समज दिली आणि मग बाद केलं, यात मला दोष दिसत नाही.

मातीचं_मैदान

मंकडबद्दल आपलं एकमत आहे. समज देऊन बाद करणं हीही समोरच्याला पुरती संधी देण्याचीच रीत आहे. तुम्ही ते उदाहरण आणलंत हे बरं केलंत.

सातवा_वाफा

सगळ्यांना मनापासून नमस्कार. काल संध्याकाळी काकूंशी बोलले. आधी गळलेल्या फळांचा विषय काढला, सरांनी सांगितलं तसा. मग माझ्याच वेलाचं एक नर आणि एक मादी फूल शेजारी शेजारी धरून दाखवलं. काकू चष्मा लावून मादी फुलाच्या मागचा लवदार गोळा बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग इतके दिवस मी बापालाच घराबाहेर काढत होते की!" मी म्हटलं हा कागद उद्या सगळ्यांसाठी लावणार आहे. त्या म्हणाल्या, लाव, आणि खाली माझं नाव घालून लिही की हिच्या वाफ्यात येऊन बघा, नर फुलं खुडली की काय होतं ते. मी नाव घातलं नाही, पण त्या स्वतः तिसऱ्या वाफ्यातल्या मुलीला हाताला धरून दाखवायला घेऊन गेल्या.

आता एक अडचण. काकूंनी सगळी फुलं खुडल्यामुळे त्यांच्या वेलावर आज उमलणारं नर फूल एकही नाही. मादी दोन उमलतील. त्यांनी माझ्याकडे फूल मागितलं. हात त्याच लावणार, नियमाचा प्रश्न नाही. पण अकराव्या वाफ्यातल्या एका गृहस्थांनी शंका काढली की सातव्याच्या फुलाने आठव्याचं फळ धरलं तर वजन कोणाच्या नावावर लिहायचं? माझा दुधी लांबट आहे आणि काकूंचा गोल भोपळ्यासारखा. फळ मिश्र आकाराचं येईल का, असंही ते विचारतात. ते गंभीरपणे विचारतायत, त्यामुळे नीट उत्तर द्यायला हवं.

बियांची_पुरचुंडी

फळाचा आकार, साल, गर हे सगळं ज्या वेलावर ते लागलंय त्याचंच असतं. परागकण कुठून आले याने या वर्षीच्या फळात फरक पडत नाही. काकूंचा दुधी गोलच येईल. फरक पडतो तो आतल्या बियांत. त्या मिश्र होतील आणि पुढच्या वर्षी त्यातून काय येईल ते सांगता येत नाही. म्हणून काकूंना बी धरायचं असेल तर या फळाचं धरू नका. पुढे त्यांच्याच वेलाची नर फुलं आली की त्यांनी परागण केलेल्या एका फळाला दोरा बांधून ते वेलावरच जून होऊ द्या. मादी फूल उमलायच्या आदल्या दिवशी त्याला कापडी पिशवी बांधायला विसरू नका, नाहीतर शेजारून परागकण येणारच. वजन अर्थातच काकूंच्या नावावर.

मातीचं_मैदान

बरोबर. अकराव्या वाफ्यातल्या गृहस्थांना धन्यवाद सांगा, शंका उघड काढली हे चांगलं झालं. मनात ठेवली असती तर १ मेला परीक्षकांसमोर निघाली असती. ताई, तुम्ही फूल द्या, मात्र तुमच्या स्वतःच्या मादी फुलांचं काम उरकून मग द्या. स्वतःच्या वेलाला उपाशी ठेवून देण्याची काही गरज नाही.

सातवा_वाफा

दिलं. दोन नर फुलं होती, एक माझ्या वेलाला, एक काकूंना. अकरावे काका टॉर्च धरून उभे होते.

सर, जाता जाता एक विचारते. माझ्या भेंडीच्या पानांवर बारीक पांढुरके ठिपके आलेत आणि पानामागे जाळ्यासारखं दिसतंय. काकूंच्या भेंडीवर अजून नाही. काकू म्हणाल्या पान तोडून फोटो टाक, म्हणून विचारतेय.

मातीचं_मैदान

लाल कोळी आहे, पानाचा रस शोषणारी बारीक कीड, उन्हाळा कोरडा झाला की येतोच. पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटका, तांबडे ठिपके चालताना दिसतील. फार पसरलेली खालची पानं काढून पिशवीत बांधा, कोळी वाऱ्याने काकूंच्या भेंडीवर जायला वेळ लागत नाही. सकाळी लवकर पाइपचं तोंड दाबून पानांच्या मागच्या बाजूला जोराने पाणी मारा, तीन-चार दिवस सलग. नाहीच आटोक्यात आला तर पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी, ऊन उतरल्यावर फवारा. वाफ्याच्या मापाने शंभर ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून दोन लिटर पाणी करायचं आणि त्याच संध्याकाळी वापरायचं, साठवायचं नाही. दुधीची फुलं उमलायच्या वेळेला त्यांच्यावर उडू देऊ नका. आणि मातीवर उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला चांगला चार बोटं पसरा, मुळाशी गारवा राहिला की भेंडी कोळ्याला बरीच तोंड देते. काकूंनाही आत्ताच पसरायला सांगा.